इडीमा म्हणजे काय रे भाऊ? रिपोर्टमधल्या सुजेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधी ओळख. मी पुण्यात मेडिकल ट्रान्सक्रिप्शनचं काम करायचे, म्हणजे रात्रपाळीला हेडफोन लावून बसायचं, अमेरिकेतला डॉक्टर तोंडातल्या तोंडात जे काही पुटपुटेल ते ऐकायचं आणि टाइप करायचं. मी डॉक्टर नाहीये. पण घरातल्या सगळ्यांनी ठरवूनच टाकलंय की हिला रिपोर्ट वाचता येतात, त्यामुळे कोथरूडच्या मावशीपासून हडपसरच्या काकांपर्यंत सगळ्यांचे डिस्चार्ज पेपर माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर येतात आणि त्यात सगळ्यात जास्त विचारला जाणारा शब्द म्हणजे इडीमा. तेच तेच परत टाइप करायचा कंटाळा आला म्हणून सगळं एकाच ठिकाणी लिहून ठेवतेय. औषधाचा सल्ला इथे मिळणार नाही, शब्दांच्या गोष्टी मात्र भरपूर मिळतील.

रिपोर्टमध्ये "बायलॅटरल पेडल इडीमा" लिहिलंय. हा कुठला आजार?

आजार नाही, सूज. बायलॅटरल म्हणजे दोन्ही बाजूंना, पेडल म्हणजे पायाचा, इडीमा म्हणजे सूज. दोन्ही पाय सुजलेत, एवढंच. जे तुम्हाला चप्पल घालताना आधीच कळलेलं होतं तेच डॉक्टरांनी लॅटिन आणि ग्रीक मिसळून लिहिलंय.

आता जरा नीट सांगायचं तर प्रत्येक सुजेला इडीमा म्हणत नाहीत. पेशींच्या मधल्या जागेत जास्तीचं पाणी साठून जी सूज येते तिला इडीमा म्हणतात. डोक्याला टेंगूळ आलं, गळू झालं, गाठ आली, तर डॉक्टर वेगळे शब्द वापरतात. आणि इडीमा हे लक्षण आहे, त्याच्या मागचं कारण वेगळं असतं, हार्ट, किडनी, लिव्हर, थायरॉइड, गरोदरपण, किंवा नुसती बीपीची गोळी. अ‍ॅम्लोडिपिनने घोटे सुजतात हे इतकं कॉमन आहे की आमच्या बिल्डिंगमध्येच दोघंतिघं सापडतील. म्हणून गोळी परस्पर बंद करू नका, डॉक्टरांना सांगा, ते बदलून देतात.

उच्चार काय? इडीमा, एडेमा, की ओडेमा?

इडीमा. जोर मधल्या "डी"वर. "एडेमा" पण चालतं, सगळ्यांना कळतं, निम्म्या पुण्यात तेच म्हणतात. "ओडेमा" मात्र स्पेलिंगमधला ओ बघून म्हटलं जातं, ते नको.

मग काही ठिकाणी सुरुवातीला ओ असतो, काही ठिकाणी नसतो, हे काय?

ब्रिटिश स्पेलिंगमध्ये ओ आणि ई जोडीने येतात, अमेरिकन स्पेलिंगमध्ये ओ गळतो आणि नुसता ई उरतो. मूळ ग्रीक शब्द "ओइदेमा", त्यातला "ओइ" लॅटिनमध्ये जाताना "ओई" असा लिहिला गेला, ब्रिटिशांनी तो जपला, अमेरिकनांनी काटला. आपल्याकडे कॉलेजात शिकवतात ब्रिटिश पद्धतीने आणि हॉस्पिटलचं सॉफ्टवेअर बऱ्याचदा असतं अमेरिकन, त्यामुळे एकाच फाइलमध्ये दोन्ही स्पेलिंग सापडतात आणि काका फोन करून विचारतात की हे दोन वेगळे आजार आहेत का. नाहीत हो काका.

ब्रिटिश स्पेलिंग म्हणजे नेहमीच जुनं आणि शुद्ध असंही समजू नका. फीटस, म्हणजे गर्भ, या शब्दात ब्रिटिश लोक जो ओ घालतात तो मूळ लॅटिनमध्ये नाहीच्चे, उगाच विद्वत्ता दाखवायला मागाहून घुसवलेला आहे. तिथे अमेरिकन बरोबर.

शब्द आला कुठून?

ग्रीकमधून. "ओइदेइन" म्हणजे सुजणे, त्याचं नाम "ओइदेमा". इंग्रजीत तो साधारण १४०० च्या आसपास आला, वैद्यकाच्या लॅटिन पुस्तकांमधून. त्याच्याही मागे गेलं तर भाषाशास्त्रज्ञ "ओइद्" असं एक फार जुनं मूळ मांडतात, अर्थ सुजणे हाच. त्याच मुळापासून जुन्या जर्मनमध्ये पू या अर्थाचा एक शब्द झाला आणि जुन्या इंग्रजीत "आत्तोर", म्हणजे विष. विष का? तर अंग सुजवतं ते विष. साप-विंचू चावल्यावर काय होतं हे ज्याने पाहिलंय त्याला हे समजवायला नको.

इडिपस राजाचा याच्याशी संबंध आहे म्हणतात, खरं का?

खरं आहे आणि हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न, पण तो विचारतो फक्त माझा भाचा, कारण तो नाटकवाला आहे आणि एकांकिका स्पर्धेच्या दिवसांत त्याला जगात दुसरं काही दिसत नाही.

ग्रीकमध्ये नाव "ओइदिपूस". ओइदि म्हणजे सुजलेला, पूस म्हणजे पाय. सुजलेल्या पायाचा. गोष्ट अशी की थीब्जच्या लायस राजाला भविष्य सांगितलेलं असतं की तुझा मुलगा तुला मारेल, म्हणून तो तान्ह्या पोराचे घोटे टोचून बांधून त्याला किथायरॉन डोंगरावर टाकून द्यायला लावतो, मेंढपाळाला दया येते, पोर वाचतं, पण पायाची खूण राहते आणि तीच नाव होऊन बसते. सोफोक्लीस या ग्रीक नाटककाराच्या नाटकात कोरिंथहून आलेला दूत हे त्याच्या तोंडावर सांगतो, की या घोट्यांवरूनच तुझं नाव पडलं. आणि गंमत म्हणजे स्फिंक्सचं कोडं पण पायांचंच होतं, सकाळी चार पाय, दुपारी दोन, संध्याकाळी तीन कोणाला, उत्तर माणूस, आणि ते सोडवलं कोणी तर ज्याच्या नावातच पाय आहे त्याने. शिवाय ग्रीकमध्ये "ओइदा" म्हणजे मला माहितीये, म्हणजे नावात "सुजलेला" पण ऐकू येतं आणि "जाणणारा" पण, आणि अख्खं नाटक चाललंय ते ज्याला स्वतःबद्दलच काही माहीत नाही अशा माणसावर! ग्रीक प्रेक्षकांना हे कानाला लागत असणार, आपल्याला पहिल्यांदा कोणीतरी सांगावं लागतं.

तो "पूस" म्हणजे आपला पाय बरं का. ग्रीक पूस (पोद), लॅटिन पेस (पेद), संस्कृत पाद, मराठी पाय, सगळी एकाच घरातली भावंडं. म्हणजे "पेडल इडीमा" आणि "इडिपस" यात तेच दोन तुकडे आहेत, फक्त पुढचा मागे आणि मागचा पुढे. एखाद्या कार्डिओ वॉर्डात राउंड मारला तर किती इडिपस सापडतील बघा.

फ्रॉइडच्या इडिपस कॉम्प्लेक्सशी मात्र सुजेचा काही संबंध नाही, ते त्या राजाच्या गोष्टीवरून आलंय, त्याच्या पायावरून नाही.

इडीमा, एक्झिमा, एनिमा, अ‍ॅनिमिया, हे सगळं एकच आहे का? माझा गोंधळ होतो.

सगळ्यांचाच होतो. एका आत्याने फोनवर "डॉक्टरांनी एनिमा सांगितलाय" म्हटल्यावर अख्खं घर कामाला लागलं होतं, आणि रिपोर्टमध्ये होता अ‍ॅनिमिया.

एक्झिमा म्हणजे ग्रीकमध्ये उकळून उतू जाणे, कातडीवर जे उठतं त्यावरून. एनिमा म्हणजे आत सोडणे, जास्त खोलात जात नाही. अ‍ॅनिमिया वेगळा, "अन्" म्हणजे नाही आणि "हायमा" म्हणजे रक्त, आणि हा "अन्" आपल्या अनादी, अनंतमधला "अन्"च आहे.

शेवटचा "मा" मात्र बघण्यासारखा आहे. ग्रीकमध्ये क्रियापदाला "मा" लावला की त्या क्रियेतून जे झालं त्याचं नाव तयार होतं. सुजणे, त्यातून ओइदेमा. करणे, त्यातून ड्रामा. हलणे, त्यातून किनेमा, ज्याचा पुढे सिनेमा झाला. आणि हाच प्रत्यय संस्कृतात "मन्" म्हणून आहे, कृ पासून कर्मन्, जन् पासून जन्मन्, ज्याचं आपण कर्म आणि जन्म करून टाकलं. तेव्हा इडीमा आणि कर्म यांची शेपटी एकच. "कर्माचे भोग" म्हणून पायाची सूज दाखवणाऱ्या आजींना हे सांगू नका, त्यांना फार आनंद होईल.

याच शब्दांमध्ये एक लपलेला "त" असतो जो पुढे काही जोडलं की बाहेर येतो. ड्रामाचं ड्रामॅटिक होतं तसंच इडीमाचं इडीमॅटस. अनेकवचन जुन्या पद्धतीने "इडीमाटा", पण मी तरी कुठल्या डॉक्टरच्या तोंडून ते ऐकलेलं नाही.

म्हणजे शब्द मूळचा संस्कृतच ना? तसा फॉरवर्ड आला होता.

नाही. नातं आहे, पण ते चुलत नातं, कोणी कोणाच्या पोटचं नाही. संस्कृतात सुजेसाठी वेगळाच धातू आहे, श्वि, म्हणजे फुगणे, वाढणे. त्यावरून श्वयथु, शोथ, शोफ हे आयुर्वेदातले शब्द येतात. आपट्यांच्या कोशात बघा, वामन शिवराम आपटे, फर्ग्युसनचे प्राचार्य, त्यांचा संस्कृत-इंग्रजी कोश १८९० चा, अजून सगळे तोच वापरतात. डेक्कन कॉलेजच्या महाकोशात शोधायचं असेल तर धीर धरा, येरवड्याला ते काम १९४८ ला सुरू झालं, पहिला भाग १९७६ ला आला आणि गाडी अजून "अ" वर आहे, "श्व" यायला वेळ आहे.

या श्विचं भूतकालवाचक रूप "शून", म्हणजे सुजलेला. आणि आपला शून्य हा शब्द याच शूनवरून आला असं मानतात. आता फुगलेलं आणि रिकामं एकच कसं, तर फुगलेली गोष्ट आतून पोकळ असते. याच मुळाच्या युरोपातल्या शाखेत एकीकडे केव्ह म्हणजे गुहा आहे, दुसरीकडे क्युम्युलस म्हणजे रास, ढीग. तोच क्युम्युलस जो शिवाजीनगरच्या सिमला ऑफिसमधले हवामानवाले ढगांसाठी वापरतात. एका धातूत सूज, गुहा, ढग आणि शून्य, यावर खरं तर वेगळं पान लिहायला पाहिजे.

आयुर्वेदात पाण्याची सूज ओळखायचे का?

अगदी बारकाईने. चरकसंहितेत श्वयथुवर अख्खा अध्याय आहे. त्यात वाताची सूज दाबली की परत वर येते आणि दिवसा जोर धरते, कफाची दाबली की वर येत नाही आणि रात्री वाढते, असा फरक सांगितलाय. बोट दाबून बघायचं, खड्डा राहतो का बघायचं, दिवसाच्या कुठल्या वेळी वाढते ते विचारायचं. आजच्या वॉर्डात ज्युनिअर डॉक्टर सकाळी राउंडला हेच करतो. कारणमीमांसा वेगळी आहे, ती एकमेकांवर चिकटवू नका, पण बघायची नजर तीच.

"पिटिंग, प्लस टू" म्हणजे काय?

वरचंच उत्तर पुढे चालू. पिट म्हणजे खड्डा. नडगीच्या हाडावर अंगठा काही सेकंद दाबून धरायचा आणि उचलायचा, खड्डा राहिला तर पिटिंग, नाही राहिला तर नॉन पिटिंग. खड्डा किती खोल आणि भरून यायला किती वेळ, यावरून प्लस वन ते प्लस फोर. ही श्रेणी डोळ्याच्या अंदाजाची असते, त्यामुळे काल प्लस टू आणि आज दुसऱ्या डॉक्टरने प्लस थ्री लिहिलं म्हणून लगेच घाबरू नका, विचारा.

खड्डा पडतो कारण आत मोकळं पाणी असतं, दाबलं की बाजूला सरकतं. रक्तवाहिनीच्या आतला दाब पाणी बाहेर ढकलतो आणि रक्तातलं प्रोटीन, मुख्यतः अल्ब्युमिन, ते आत ओढून ठेवतं. हे गणित अर्नेस्ट स्टार्लिंग या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १८९६ मध्ये मांडलं. हार्टचा पंप कमजोर झाला की मागे दाब तुंबतो, पाणी खाली उतरतं, संध्याकाळी पाय सुजतात. किडनीतून प्रोटीन गळायला लागलं की ओढून धरणारं कोणी उरत नाही, मग सकाळी उठल्यावर डोळ्यांखाली फुगलेलं दिसतं. अर्थात सकाळी डोळे सुजण्याचं कारण रात्री दोनपर्यंत वेबसीरिज हे पण असू शकतं.

जुन्या इंग्रजी पुस्तकात "ड्रॉप्सी" वाचलं. तोच का हा?

तोच. ड्रॉप म्हणजे थेंब असं वाटतं, पण तसं नाही. ग्रीक "हिद्रोप्स", त्यात "हिदोर" म्हणजे पाणी, हायड्रोजनमधलं हायड्रो. फ्रेंचमधून इंग्रजीत येताना "इद्रोपेसी" झालं आणि मग पुढचा "इ" कोणीतरी खाऊन टाकला, उरलं ड्रॉप्सी. आपल्याकडे जलोदर, अंगावर पाणी येणं, असं म्हणायचे तेच.

ड्रॉप्सीची खरी गोष्ट आहे ती विल्यम विदरिंगची. इंग्लंडमधला डॉक्टर. १७७५ मध्ये त्याला श्रॉपशायरमधल्या एका म्हातारीच्या घरगुती काढ्याबद्दल विचारलं गेलं, मोठे डॉक्टर हरले तिथे तो काढा लागू पडायचा. वीसेक वनस्पती त्यात होत्या. विदरिंगने ओळखलं की काम करणारी एकच आहे, फॉक्सग्लव्ह, मग दहा वर्षं पेशंटवर डोस बघत बघत १७८५ मध्ये पुस्तक काढलं, ज्यात बरे झालेले आणि न झालेले असे दोन्ही पेशंट लिहिले. मला हे शेवटचं जास्त आवडतं. त्या झाडाचं शास्त्रीय नाव डिजिटॅलिस, लॅटिन डिजिटस म्हणजे बोट, फुलं अंगुस्तानासारखी दिसतात म्हणून. तुमच्या आजोबांच्या डब्यात डिगॉक्सिन ही हार्टची गोळी असेल तर ते याच कुळातल्या झाडाचं. पण विष आणि औषध यातलं अंतर यात फार कमी आहे, कोणी "नैसर्गिक आहे, काढा करून घ्या" म्हणालं तर त्याच्यापासून लांब राहा.

आणि एक भारतातली ड्रॉप्सी. मोहरीच्या तेलात पिवळ्या धोतऱ्याच्या बियांचं तेल मिसळलं गेलं की माणसांचे पाय सुजतात, दम लागतो, याला एपिडेमिक ड्रॉप्सी म्हणतात. १९९८ मध्ये दिल्लीत ६० च्या वर माणसं यात गेली. महाराष्ट्रात आपण शेंगदाण्याचं तेल खाणारे, म्हणून हा शब्द आपल्या कानावर कमी.

अनासार्का? असायटिस? हे शिव्यांसारखे शब्द काय आहेत?

अनासार्का म्हणजे सगळ्या अंगावर सूज. ग्रीक "आना सार्का", सगळ्या मांसभर. "सार्क्स" म्हणजे मांस. याच सार्क्सपासून सार्कोफेगस, मांस खाणारी, म्हणजे दगडी शवपेटी, आणि याच सार्क्सपासून सार्कॅझम, म्हणजे मांस ओरबाडणे. पुणेरी पाट्या लिहिणाऱ्यांना आपण नेमकं काय करतोय याची पूर्ण कल्पना असते, ग्रीक न शिकता.

असायटिस म्हणजे पोटात पाणी होणं. ग्रीक "आस्कोस" म्हणजे दारू भरायची कातड्याची पिशवी, आपली पखाल. पूर्वी भिस्ती पखाल खांद्याला लावून पाणी घालायचे, ती भरलेली पखाल ज्याने पाहिली असेल त्याला पोट कसं दिसतं ते वेगळं सांगायला नको.

ट्यूमर म्हणजे पण सूजच का? मग लोक घाबरतात का?

मूळ अर्थ सूजच. लॅटिन "तुमेरे", सुजणे, फुगणे. पहिल्या शतकात सेल्सस या रोमन लेखकाने दाहाची चार लक्षणं लिहून ठेवली, लाली, सूज, उष्णता, वेदना, त्यातली सूज म्हणजे "तुमोर". म्हणजे त्याच्या हिशोबाने अक्कलदाढेमुळे सुजलेला गालसुद्धा तुमोर. नंतर हळूहळू हा शब्द गाठीपुरता उरला आणि आता आपल्याकडे ट्यूमर म्हटलं की थेट कॅन्सरच डोळ्यापुढे येतो, जे बरोबर नाही, बिनाइन, म्हणजे कॅन्सर नसलेले, ट्यूमर असतातच की.

हे घराणं पण मोठं आहे. थम म्हणजे अंगठा, कारण ते जाड, फुगलेलं बोट. थाय म्हणजे मांडी. थाउजंड म्हणजे फुगलेलं शंभर, खरंच, थट्टा नाही. ट्यूबर म्हणजे जमिनीखालचा कंद, बटाटा. टूम, म्हणजे थडगं, वर मातीचा उंचवटा येतो म्हणून. ट्युमल्ट म्हणजे गोंधळ, गर्दी फुगते म्हणून. आणि थम वरून थिंबल, अंगुस्तान, ज्याच्यासारखी फुलं त्या फॉक्सग्लव्हला येतात. सुजेवरच्या औषधाच्या नावाला सुजेचाच शब्द असा मागच्या दाराने येऊन भेटतो, हे कोणी ठरवून केलेलं नाही म्हणूनच भारी वाटतं.

ब्युबॉनिक प्लेगमधलं ब्युबो?

ग्रीक "बूबोन", म्हणजे जांघ, आणि जांघेत येणारी गाठ. आपल्याकडे पायाला जखम झाली की जांघेत जी गाठ येते तिला "अवधाण आलं" म्हणतात, शब्द जवळजवळ त्याच जागेवर बोट ठेवतो. प्लेगमध्ये ती गाठ कोंबडीच्या अंड्याएवढी व्हायची, जांघेत, काखेत, मानेत.

पुण्याला हा शब्द पुस्तकातून शिकावा लागला नाही. १८९६ ला मुंबईत आलेला प्लेग १८९७ ला इथे पसरला. सावित्रीबाई हडपसरजवळ मुलाच्या, डॉ. यशवंतच्या, दवाखान्यात रुग्णांची सेवा करत होत्या, त्यातच लागण होऊन १० मार्च १८९७ ला गेल्या. त्याच वर्षी २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीतल्या गव्हर्नमेंट हाउसमधला राणीच्या हीरक महोत्सवाचा कार्यक्रम आटोपून निघालेल्या प्लेग अधिकारी रँडवर चापेकर बंधूंनी गोळी झाडली, आणि रँडवरचा राग कशाचा तर प्लेगच्या नावाखाली सोल्जर घराघरात घुसवून, बायामाणसांच्या काखा-जांघा तपासून, जे काही केलं त्याचा. ते गव्हर्नमेंट हाउस म्हणजे आज विद्यापीठाची मुख्य इमारत, आणि २०१४ पासून विद्यापीठाला नाव सावित्रीबाईंचं. एका गाठीभोवती एवढं सगळं.

बाळाला बाळसं आहे की सूज, हे कसं कळतं?

हा प्रश्न आपण एरवी राजकीय पक्ष आणि शेअर बाजाराबद्दल विचारतो, पण त्याचा मूळ अर्थ अगदी शब्दशः खरा आहे. जेवणात पोषण नसलेल्या मुलाचे पाय, चेहरा, पोट कधीकधी फुगतात, लांबून बघणाऱ्याला वाटतं पोर गुटगुटीत आहे. दोन्ही पावलांवर अंगठे दाबून बघायचं, दोन्हीकडे खड्डा राहिला तर ती तीव्र कुपोषणाची खूण, आणि वजनकाट्यावर भरवसा ठेवू नका कारण ते पाण्याचं वजन असतं. अंगणवाडीताई नेमकं हेच तपासतात. मेळघाटाच्या बातम्या वाचताना हे डोक्यात असू द्या.

इंग्रजीत याला क्वाशिओरकोर म्हणतात आणि हा शब्द ग्रीकही नाही, लॅटिनही नाही, तो घानामधल्या गा भाषेतला आहे. सिसिली विल्यम्स नावाच्या डॉक्टर बाई तिथे काम करत होत्या, त्यांनी तिथल्या आयांकडून तो ऐकला आणि १९३५ मध्ये जसाच्या तसा वैद्यकात आणला. अर्थ असा की पाठचं भावंड आल्यावर आधीच्या मुलाला होणारा आजार. आईचं दूध तुटतं, वर मिळतो नुसता पिठाचा घाटा, आणि पोर सुजतं. आजाराचं कारण नावातच सांगणारा शब्द, तोही आयांनी दिलेला. माझ्या मते या सगळ्या यादीत सगळ्यात हुशार शब्द हाच.

मिक्सिडीमा, पॅपिलिडीमा, अँजिओइडीमा, लिम्फिडीमा. एकदमच सांगून टाक.

मिक्सिडीमा, थायरॉइड फार कमी झाल्यावरची सूज, "मिक्सा" म्हणजे शेंबूड किंवा चिकट द्रव, विल्यम ऑर्डने १८७८ मध्ये दिलेलं नाव, यात खड्डा पडत नाही. पॅपिलिडीमा, डोळ्याच्या मागे जिथे नस आत येते तिथली सूज, डोक्यातला दाब वाढल्यावर. लिम्फिडीमा, लिम्फ म्हणजे पेशींमधून परत वाहून जाणारा पातळ द्रव, त्याचा निचरा तुंबल्यामुळे, हत्तीरोगात होते ती. अँजिओइडीमा, ओठ, पापण्या, जीभ एकदम सुजणं, बऱ्याचदा अ‍ॅलर्जीने, आणि यात ओठ-जीभ सुजून श्वासाला त्रास व्हायला लागला तर हे पान बंद करून थेट हॉस्पिटल गाठा. एकच पाय अचानक सुजून पोटरी दुखायला लागली तरी तेच, आणि गरोदर बाईला सुजेबरोबर बीपी, डोकेदुखी असेल तरीही तेच.

हिमालयात ट्रेकला चाललोय, "हेप"ची भीती घालतायत.

भीती खरी आहे. हाय अल्टिट्यूड पल्मनरी इडीमा, उंचावर फुप्फुसात पाणी होणं, साधारण २५०० मीटरच्या वर भरभर चढलं तर. आपलं कळसूबाई १६४६ मीटर, त्यामुळे "मी दर रविवारी सिंहगड करतो" हा अनुभव याबाबतीत शून्य कामाचा, फिटनेस असला तरी हे होतं, उलट फिट लोक जास्त घाईने चढतात. बसल्या जागी दम लागला, खोकला आला, तर पहिलं काम खाली उतरायचं.

डॉक्टरांना मराठीत सांगितलं तर चालेल ना?

चालेल काय, पळेल. मराठीत सुजेचे इतके शब्द आहेत की नीट वापरले तर निम्मं निदान तिथेच. टेंगूळ म्हणजे आपटल्यावर आलेलं. गळू म्हणजे पू भरलेलं. गांधी म्हणजे खाजत उठलेल्या, अ‍ॅलर्जीच्या. रांजणवाडी पापणीला. गालगुंड म्हणजे मम्प्स, गलगंड म्हणजे गॉइटर, या दोघांत गल्लत करू नका. आवाळू म्हणजे न दुखणारी मऊ गाठ, वर्षानुवर्षं तशीच असते. "अंगावर पाणी आलंय" म्हटलं की डॉक्टर स्वतःच इडीमा लिहितात. फक्त कधीपासून, एका पायाला की दोन्ही, सकाळी जास्त की संध्याकाळी, आणि कुठल्या गोळ्या चालू आहेत, एवढं सांगा, बाकी भाषा कुठलीही असू दे.

नर्सरीवाला म्हणाला जिरेनियमच्या पानांना इडीमा झालाय. चेष्टा करतोय का?

नाही, झाडांनाही होतो आणि शब्दही तोच. मुळं पाणी ओढतात त्या मानाने पानं ते सोडत नाहीत, मग पानांच्या मागे फोड येतात आणि ते नंतर खरखरीत होतात. पावसाळ्यात, ढगाळ हवेत जास्त. पाणी कमी घाला आणि कुंडी वाऱ्याला ठेवा.